हट्टी मूल आणि घराचा शब्द

चार-पाच वर्षांच्या पोराने किराणा दुकानासमोर जमिनीवर अंग टाकले की आजूबाजूची माणसे निदान करायला वेळ लावत नाहीत. निम्म्यांच्या मते ते लाडाने बिघडलेले असते, उरलेल्यांच्या मते त्याला वेळेवर दोन बसलेल्या नसतात. हे दोन पक्ष एकमेकांचे विरोधक वाटले तरी त्यांचे गृहीत एकच आहे: मूल जन्मतः कोरे असते आणि त्याचा हट्ट हा घराच्या चुकीचा पुरावा असतो. पहिल्यांदा हे गृहीतच तपासायला हवे. त्याच्या आधारावर जे उपाय केले जातात, त्यांनी घराचे जेवढे नुकसान होते तेवढे हट्टाने होत नाही.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक दीर्घ अभ्यास सुरू केला. तान्ह्या बाळांपासून सुरुवात करून त्यांनी १३३ मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला. हालचाल किती, भूक-झोपेला नियम आहे का, नव्या गोष्टीला बिचकते का, बदलाशी जुळवून घेते का, भावना किती जोराने दाखवते, धरलेले किती वेळ सोडत नाही, अशी नऊ लक्षणे ते पाहत. साधारण ४० टक्के मुले सोपी निघाली, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी. बाकीची कुठल्याच खणात नीट बसली नाहीत. हे फरक पहिल्या काही महिन्यांतच दिसत होते, म्हणजे कुणाला लाड करायला किंवा मारायला पुरेशी संधी मिळण्याच्याही आधी. दोन लेकरे वाढवलेल्या कुठल्याही बाईला हे सांगावे लागत नाही. एकच घर, एकच पाळणा, तरी थोरले एका हाकेत येते आणि धाकटे दहाव्या हाकेलाही मान वळवत नाही.

थॉमस-चेस यांचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. अवघड स्वभावाचे मूल पुढे अडचणीत येते की नाही, हे एकट्या स्वभावावरून ठरत नाही. त्या स्वभावाची आणि भोवतालच्या माणसांच्या वागण्याची जुळणी कशी आहे यावरून ते ठरते. सायकलची उतरलेली चेन आपणच बसवायची म्हणून तासभर अंगणात काळे हात करून बसणारे पोरगे आणि आंघोळीला चल म्हटले की खांबाला मिठी मारणारे पोरगे एकच असते. धरलेले न सोडणे हा गुण अंगणात कौतुकाचा आणि न्हाणीघराच्या दारात गुन्ह्याचा ठरतो. मर्यादेचे काम तो गुण मोडणे हे नाही.

हट्ट कुठून येतो

वरून सारखा दिसणारा हट्ट तीन ठिकाणांहून येतो, आणि तिन्हींवर एकच औषध चालत नाही.

पहिला हट्ट शरीराचा. यवतमाळचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला ४४-४५ अंशांची दुपार, गेलेली वीज आणि लग्नघरात हुकलेली झोप या तिन्हींनी मिळून मुलाचे काय होते ते ठाऊक असते. अशा वेळी रडणाऱ्या मुलाला काही मिळवायचे नसते. ते मोडून पडलेले असते. तिथे नियम आणि परिणाम यांची भाषा व्यर्थ आहे. पाणी, सावली, काहीतरी खायला आणि मांडी, एवढेच.

दुसरा हट्ट वस्तूचा. दुकानासमोरचा प्रसंग याच जातीचा आहे आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. दारव्हा-नेरकडच्या कुठल्याही गावातले दुकान घ्या. दारात पाच रुपयांच्या कुरकुऱ्यांच्या पाकिटांच्या माळा बरोबर पोराच्या डोळ्यांसमोर लोंबत असतात. पोरगे म्हणते, "आजी, मले ते पायजे." आजी म्हणते, "घरी शेंगदाणे हायेत न." पोरगे आवाज चढवते, आजीही चढवते. पोरगे लुगडे ओढते. आजी म्हणते, "थांब, तुह्या बापाले सांगतो." पोरगे खाली बसते, मग लोळते. दुकानदार हसतो, शेजारीण वळून पाहते. आजीच्या हातात पिशवी, गुडघ्यात कळ. "घे बाप्पा, एक डाव घे, पण आता पुन्हा मांगू नको." क्षणात शांतता.

या शांततेत दोन माणसे शिकली. पोरगे शिकले की नकार हा सौद्याचा पहिला भाव असतो. आजी शिकली की पाच रुपयांत सुटका होते. ऑरेगॉनमध्ये भांडखोर मुलांच्या घरात बसून मिनिटामिनिटाच्या नोंदी घेणाऱ्या जेराल्ड पॅटरसन या संशोधकाने १९८२ मध्ये आपल्या ग्रंथात हीच साखळी मांडली. मूल मोठ्यांना छळते, मोठे माघार घेतात, छळ थांबतो. म्हणून छळणेही पक्के होते आणि माघार घेणेही. कधी उलट घडते. मोठ्यांच्या आवाजाने किंवा थपडेने मूल गप्प बसते, म्हणून थप्पड पक्की होते. दोन्ही बाजूंना बक्षीस मिळत असल्यामुळे या खेळातून कुणी आपणहून उठत नाही.

त्यातही सर्वांत वाईट घर ते, जे चारदा नाही म्हणते आणि पाचव्यांदा देते. बक्षीस अनियमित मिळाले तर सवय लवकर सुटत नाही, हे बी. एफ. स्किनरने कबुतरांवर दाखवले. सट्ट्याचा नंबर रोज लागत नाही म्हणूनच माणूस रोज लावतो. शिवाय मिळणे अचानक बंद झाले की रडणे आधी कमी होत नाही, वाढते. पहिल्या काही दिवसांत दहा मिनिटांचे रडणे वीस मिनिटांवर जाते. बहुतेक घरे नेमकी इथे हार मानतात आणि "याले काहीच लागू पडत नाही" असे जाहीर करतात. प्रत्यक्षात त्यांनी एवढेच केलेले असते की पाकिटाची किंमत दहा मिनिटांवरून वीसवर नेलेली असते.

तिसरा हट्ट अधिकाराचा. इथे वस्तू निमित्तमात्र असते. निळा शर्ट घाल म्हटले तर लाल, लाल म्हटले तर निळा. प्रश्न शर्टाचा नसून माझ्या अंगावर काय चढायचे हे कोण ठरवणार याचा असतो, आणि खरे सांगायचे तर हा प्रश्न अगदीच गैर नाही. अशा मुलाला हुकूम जितका मोठ्या आवाजात द्यावा तितका त्याचा नकार घट्ट होतो. कुंपणाच्या आत त्याला निवड द्यावी लागते: शाळेत जायचेच आहे, डबा आधी भरायचा की वेणी आधी घालायची ते तू सांग. काही पालकांना ही शरणागती वाटते. ती नाही. शाळेत जाणे सौद्यात ठेवलेलेच नाही.

मर्यादा म्हणजे काय

नेहमीची समजूत अशी की मर्यादा म्हणजे मुलाने काय करू नये याची आज्ञा. या व्याख्येत एक अडचण आहे. मुलाचे वागणे शेवटी मुलाच्या हातात असते; पाच वर्षांच्या मुलाला कुणी जबरदस्तीने गिळायला, झोपायला किंवा गप्प बसायला लावू शकत नाही. जे आपल्या हातात नाही त्याची आज्ञा दिली की ती रोज मोडते, आणि रोज मोडणारी आज्ञा हट्टी मुलाला एकच धडा देते: यांच्या बोलण्याला वजन नाही. म्हणून माझी व्याख्या वेगळी आहे. अमुक घडले तर घरातली मोठी माणसे काय करतील, याबद्दल त्यांनी आधीच दिलेला आणि पाळलेला शब्द म्हणजे मर्यादा. "मोबाईल पाहू नको" ही आज्ञा झाली. "जेवणाची ताटे मांडली की मोबाईल कपाटात जातो" ही मर्यादा झाली. पहिलीत मुलाची परीक्षा असते, दुसरीत मोठ्यांची.

ही व्याख्या मान्य केली तर नियमांची संख्या आपोआप घटते, कारण पाळायचे आपल्याला आहे. घरातले "नको" एक दिवस मोजून पाहावेत. पळू नको, ओरडू नको, मातीत खेळू नको, असा बसू नको, तसा हसू नको. यांतले बहुतेक सोडून द्यायच्या लायकीचे असतात. उरतात ते तीन प्रकारचे.

पहिला प्रकार जिवाचा, आणि त्याला शिक्षा हे उत्तरच नाही. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जाणत्या माणसांची ही गत, तर फवारणीचा पंप, औषधाची अर्धी बाटली आणि ते कालवलेली बादली पडवीत ठेवून "हात लावशील तर पाय" असे पोराला सांगणे हा पालकांचाच बेजबाबदारपणा आहे. तीच गोष्ट कठडा नसलेल्या विहिरीची आणि मोटारीच्या उघड्या वायरीची. धरलेले न सोडणारे मूल मनाई केलेल्या वस्तूकडे पुन्हा जाणार, हे धरूनच चालावे. तिथे उंच फळी आणि कुलूप हवे. नियम नंतर. मुलाला वळण लावण्यापूर्वी जागेची मांडणी बदलावी, हा विचार मराठीत रुजवण्याचे श्रेय ताराबाई मोडकांना आहे. आमच्या शेजारच्या अमरावतीत काही वर्षे राहून त्या पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, आणि नंतर बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघांबरोबर त्यांनी वारली मुलांसाठी बालवाड्या उभ्या केल्या. मुलाच्या उंचीची मांडणी, हाताला काम आणि बक्षीस-शिक्षेला फाटा ही त्या पठडीची सूत्रे. मला त्यांतले शेवटचे सूत्र घरासाठी पूर्ण पटत नाही. बालवाडीत मूल तीन तास असते; घरात एकवीस, आणि तिथे दमलेली माणसे असतात.

दुसरा प्रकार दुसऱ्याच्या अंगाचा आणि वस्तूचा: मारणे, चावणे, फेकणे, तोडणे. तिसरा घराच्या घडीचा: झोप, शाळा, मोबाईल, जेवणाची वेळ. चौथा प्रकार म्हणून जो उरतो, केस कसे विंचरायचे, भाजी पोळीत गुंडाळून खायची की कुस्करून, तो मुलाला देऊन टाकावा. त्याच्या अधिकाराच्या भुकेला काहीतरी खाऊ लागतोच.

परिणाम कसा असावा

रुडॉल्फ ड्रायकर्स या मानसोपचारतज्ज्ञाने १९६४ च्या आपल्या पुस्तकात शिक्षा आणि परिणाम यांत भेद केला. नैसर्गिक परिणाम कुणी द्यावा लागत नाही: स्वेटर घातला नाही तर थंडी वाजते. तर्कसंगत परिणाम मोठी माणसे घडवतात, पण तो कृत्याशी जोडलेला असतो. शिक्षेचा कृत्याशी संबंध नसतो, फक्त मोठ्यांच्या रागाशी असतो.

आमच्याकडचे उदाहरण घेऊ. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरे लाकडी बैल सजवून मिरवतात, घरोघर जाऊन बोजाऱ्याचे पैसे मागतात. समजा सहा वर्षांच्या मुलाने रांगेत पुढे जाण्यासाठी आपला बैल दुसऱ्याच्या डोक्यात हाणला. चिडलेला बाप काय करील? सगळ्यांदेखत थोबाडीत, "चाल घरी, यंदापासून पोळा बंद." थोबाडीत मारून त्याने नेमके तेच केले जे पोराने केले होते, आणि यंदापासून कायम बंद ही धमकी पुढच्या वर्षी तोच मोडणार. जोडलेला परिणाम याहून खूप लहान असतो: ज्याला लागले त्याच्याकडे आधी जायचे, आणि बैल अर्धा तास बापाच्या हातात. हट्टी पोरगे या अर्ध्या तासात आकाश डोक्यावर घेईल. घेऊ द्यावे. वेळ संपली की बैल परत, आणि त्यावर भाषण नाही. माफी मागण्याची सक्ती मात्र मी करणार नाही; लोकांसमोर दात-ओठ खात काढून घेतलेले "सॉरी" मुलाला खोटे बोलायला तेवढे शिकवते.

लहान परिणाम पुरतो का, ही शंका रास्त आहे. बेक्कारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्ये गुन्हा आणि शिक्षेवर लिहिताना म्हटले होते की गुन्हा रोखण्यात शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या अटळपणाचा प्रभाव अधिक असतो. राज्यांनी हे मनावर घ्यायला फार काळ लावला. घरांनी अजून घेतलेले नाही. आठवडाभर मोबाईल बंद ही शिक्षा मंगळवारी दिली जाते आणि गुरुवारी पाहुणे आल्यावर मागे घेतली जाते. त्याऐवजी आजची संध्याकाळ बंद, उद्या पाटी कोरी. पण आजची संध्याकाळ म्हणजे आजची संध्याकाळ. परिणाम एवढाच असावा की कितीही दमलेल्या दिवशी तो पार पाडता यावा.

एक अपवाद ठळकपणे नोंदवतो. पाश्चात्त्य पुस्तकांत "जेवला नाही तर पुढच्या जेवणापर्यंत ताट नाही" हे परिणामाचे आवडते उदाहरण असते. झरी-जामणी, केळापूर, मारेगावकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर किंवा रोजमजुरीच्या कुठल्याही घरात, जिथे अंगणवाडीच्या वाढीच्या तक्त्यावर मूल मागे पडलेले असते, तिथे हे उदाहरण वापरू नये. मुलाच्या अन्नाला हत्यार बनवण्याची चैन तिथे परवडणारी नाही.

धमक्यांचे काय? "बाबा येऊ दे, मंग पाय" ही सर्वांत प्रचलित धमकी दोन माणसांचे नुकसान करते. आईने आपला अधिकार स्वतःच रद्द केला, आणि सकाळच्या गुन्ह्यासाठी संध्याकाळी फाशी देण्याचे काम वावरातून आलेल्या बापाच्या गळ्यात टाकले. तोवर पोराला गुन्हा आठवतही नसतो. "पोलिसाले देतो" तर त्याहून वाईट. यात्रेत किंवा बसस्थानकावर हरवलेले लेकरू ज्याच्याकडे धावत जायला हवे त्याच्यापासूनच ते लपून बसेल.

माराचा प्रश्न

इथे वाचक हमखास 'श्यामची आई' पुढे करतो. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात पोहायला जायला टाळणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारते, आणि श्याम पोहायला शिकतो. मग माराने काम झालेच ना?

या दाखल्यात दोन गोष्टी सुटतात. पहिली अशी की श्याम तिथे हट्टी नाही, भ्यालेला आहे. दुसरी, त्या एका फटक्यामागे आई-मुलाच्या सहवासाचे अख्खे पुस्तक उभे आहे, आणि आपल्या घरातल्या फटक्यामागे बहुधा फक्त दिवसभराचा थकवा उभा असतो. ग्राझिना कोचान्स्का या संशोधिकेने लहान मुलांत सदसद्विवेक कसा रुजतो याचा बरीच वर्षे अभ्यास केला. भित्र्या मुलांना सौम्य शब्दही पुरतो, असे तिला दिसले. निडर मुलांना मात्र दटावणी फारशी लागू पडत नाही. त्यांच्यात विवेक रुजतो तो आईशी असलेल्या जिव्हाळ्याच्या देवाणघेवाणीतून. म्हणजे ज्या मुलाला "हा माराशिवाय ऐकत नाही" असा शेरा मिळतो, त्याच्यावरच मार सर्वांत कमी चालतो. त्याची मात्रा वाढवत न्यावी लागते, आणि बारा-तेराव्या वर्षी पोरगे उंच झाले की ती संपते. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये सुमारे १ लाख ६० हजार मुलांवरील ७५ अभ्यासांची गोळाबेरीज केली; चापट मारण्याचा संबंध त्यांना सुधारणेशी आढळला नाही, आक्रमकपणाशी आणि बिघडलेल्या नात्याशी आढळला. शाळेपुरता प्रश्न कायद्याने मिटवला आहे: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली. घरापुरता तो ज्याने त्याने मिटवायचा आहे.

मार नको म्हणजे सगळे चालू द्या, असा अर्थ काढणारेही भेटतात. डायना बॉमरिंडने १९६० च्या दशकात पालकांचे जे प्रकार मांडले आणि मॅकोबी-मार्टिन यांनी १९८३ मध्ये ज्यांना दोन मोजपट्ट्यांवर बसवले, त्या मोजपट्ट्या अशा: माया किती आणि अपेक्षा किती. दोन्ही भरपूर असलेले घर मुलाला सर्वाधिक मानवते. आपल्याकडे यावर एक सोयीची वाटणी करतात: बाप कडक, आजी मऊ, बेरीज समतोल. बेरीज अशी होत नाही. मुलाला सरासरी पालक मिळत नाही. त्याला दोन वेगवेगळी दारे मिळतात, आणि कोणते केव्हा ठोठवायचे हे ते लवकर शिकते. माया आणि ठामपणा एकाच माणसात लागतो. बापाने उचलून घेतलेही पाहिजे, आजीने नाही म्हटलेही पाहिजे.

नियम कुणाच्या खांद्यावर

या विषयावरच्या पुस्तकांत घर म्हणजे दोन पालक आणि एक मूल. यवतमाळ जिल्ह्यातले घर असे क्वचितच असते. दिवाळीच्या आसपास कापूस फुटला की बाया सकाळीच वेचणीला बाहेर पडतात आणि दिवस मावळताना परततात. कुणाचे आई-बाप कामासाठी महिनोन्‌महिने बाहेर असतात. या काळात लेकरू साठी उलटलेल्या माणसाच्या ताब्यात असते. मग शहरातून सुटीवर आलेला मुलगा किंवा सून म्हणते, "आईनंच बिघडवलं." आरोप सोपा आहे. वीस मिनिटांचा आकांत सहन करण्याची किंमत आई-बापाला महिन्यात दोनदा मोजावी लागते, आजीला रोज, आणि तीही चुलीवर भाकर असताना. तिचे "घे बाप्पा" हा लाड नाही. तिच्या ताकदीचा तो हिशेब आहे.

म्हणून माझा या विवेचनातला मुख्य आग्रह असा: घरातल्या सर्वांत कमी ताकदीच्या माणसाला एकट्याने जो नियम निभावता येत नाही, तो घराचा नियम म्हणून जाहीर करू नये. आजीला पोराच्या हातातून मोबाईल हिसकावता येत नसेल, तर "आजी, याले मोबाईल देऊ नको" हा नियम नापासच आहे. नियम असा हवा की जुना फोन आई सकाळी स्वतःबरोबर नेते, किंवा तो लोखंडी पेटीत असतो आणि किल्ली घरात नसते. दुकानाच्या बाबतीत रोज नाही म्हणण्याचे बळ आजीत नसेल, तर रोजची लढाईच काढून टाकावी: आठवडी बाजाराच्या दिवशी पाच रुपये पोराच्या हातात, त्याला वाटेल ते त्याने घ्यावे, इतर दिवशी आजी पोराला घेऊन दुकानात जाणारच नाही. आजीला एवढेच म्हणायचे आहे, "बाजाराच्या दिशी." हे वाक्य ती चुलीपासून न उठता म्हणू शकते. आणि हे ठरवताना आजीला विचारावे. सुनेने वाचलेल्या लेखातून उतरलेला नियम सासू पाळत नाही, आणि तिच्या जागी आपण असतो तर आपणही पाळला नसता.

बाप गमावलेल्या घरांबद्दल बोलल्याशिवाय या जिल्ह्यात हा विषय पुरा होत नाही. शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या पोरांना सगळा गाव एक सवलत देतो: "बाप नाही बिचाऱ्याले, कायले बोला." भावना समजते. पण दुःखाचा राग लहान मुलात बहुधा हट्टाच्या रूपात बाहेर पडतो, आणि ज्या मुलाच्या पायाखालची जमीन एकदा सरकली आहे ते उरलेली जमीन घट्ट आहे का हे पाय आपटूनच तपासते. झोपायची वेळ, शाळेची वेळ, मारायचे नाही हा नियम पूर्वीसारखाच आहे हे कळणे ही त्याची गरज असते. अशा घरात नियम आणखी कमी असावेत, आवाज आणखी खाली असावा, पण जे दोन-तीन आहेत ते हलू नयेत. आई शेत, कर्ज आणि कचेऱ्यांच्या चकरा एकटी उचलत असेल, तर हे काका-मामांनी तिच्याबरोबर उचलायचे काम आहे. तिला उपदेश करण्याचे नाही.

मर्यादा टिकायला आधी नात्यात शिल्लक लागते. शीला आयबर्ग हिने १९७० च्या दशकात अमेरिकेत हट्टी मुलांसाठी जी उपचारपद्धती घडवली, तिचा पहिला अर्धा भाग शिस्तीचा नाहीच. पालकाने रोज पाच मिनिटे मुलाबरोबर खेळायचे. खेळ मुलाने ठरवायचा. त्या वेळात आज्ञा नाही, प्रश्न नाही, चूक काढणे नाही. मूल बैल हाकत असेल तर आपणही बैल हाकायचा आणि "आता तू याले पाणी पाजतो" एवढे म्हणायचे. हे जमले की मगच दुसरा भाग, ठाम सूचना आणि परिणाम. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि बालविकास विभागाबरोबर 'आरंभ' हा उपक्रम ज्या दोन जिल्ह्यांत सुरू केला त्यांत यवतमाळ होता. अंगणवाडीच्या पालक मेळाव्यांतून तान्ह्या मुलाशी खेळण्या-बोलण्याचे महत्त्व त्यात सांगितले जाते. शिस्तीचा विषय त्या वयात नसतो, पण पुढे शिस्त ज्यावर उभी राहते ते तिथेच घडते. अशा मेळाव्यांना बापांनी जावे.

काही मुलांच्या बाबतीत मात्र हे सगळे करूनही फरक पडत नाही. हाका मारून ऐकत नाही त्याला खरोखरच ऐकू कमी येत असेल. तीन वर्षांचे होऊन दोन शब्द जोडत नाही ते मूल मागणी बोलून दाखवता येत नाही म्हणून डोके आपटत असेल. एका जागी क्षणभर न टिकणारे, रोज शाळेतून तक्रार येणारे मूल अतिचंचलतेच्या विकाराचे असू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येते. त्या दिवशी मुलाला घरी न ठेवता ही शंका डॉक्टरांना मोकळेपणी सांगावी. हट्ट म्हणून वर्षानुवर्षे मार खाल्लेला बहिरेपणा ही दुर्मीळ गोष्ट नाही.

माघार केव्हा घ्यावी

दोन वर्षांच्या मुलाला परिणामाचा अर्थ कळत नाही. त्याला उचलून दुसरीकडे नेणे एवढेच शक्य असते. तीन ते सहा या वयात परिणाम त्याच मिनिटाला लागतो. सात-आठनंतर मूल नियम करण्यात भाग घेऊ शकते, आणि हट्टी मूल तर घेतेच. इथून पुढे पालकांची खरी अडचण वेगळी असते: पोरगे बरोबर असेल तर?

दहा वर्षांची मुलगी म्हणते की बोजाऱ्याचे पैसे दरवर्षी आई ठेवते आणि परत कधी देत नाही. यंदा ते माझ्याकडे राहतील. मागणी न्याय्य आहे. पण ती तिने पाहुण्यांसमोर, भांडे आपटून केली. आता दिले तर भांडे जिंकले, नाही दिले तर न्याय हरला. अशा वेळी नियम बदलायला हरकत नाही, फक्त तो आरडाओरड्याच्या वेळी बदलू नये. "आज नाही. उद्या सकाळी चहाच्या वेळी बोलू." मग रात्री ती कितीही धुमसली तरी त्यावर शब्द काढायचा नाही. आणि सकाळी, ती विसरली असली तरी, चहाचा कप पुढे करताना आईनेच विषय काढायचा: "कालचं बोजाऱ्याचं बोलायचं होतं न? सांग, किती जमले, अन्‌ कुठी ठेवतो म्हन्तं?"